एक पाय तुमी धरा

“तुमच्या लोकायले वझ्याची सवय हाये न, सर. घ्या डोक्यावर.”

संस्थाध्यक्षांनी हे हसत सांगितलं. चिडून सांगितलं असतं तर मला काही उत्तर सुचलं असतं. हसत सांगितलेल्या गोष्टीला आपल्याकडे उत्तर देत नाहीत, आपणही हसतो. मीही हसलो असेन. चेहऱ्याचं काय झालं ते आठवत नाही.

त्यांच्या ओसरीवर आम्ही तिघं उभे होतो. ते, आमचे प्राचार्य आणि मी. मधे खुर्ची. सव्वीस नोव्हेंबरची सकाळ होती, संविधान दिनाची. कॉलेजच्या मैदानावर मांडव पडला होता, माइकवाला हॅलो हॅलो करत होता, आणि प्रमुख पाहुणे वाशीमहून निघाले होते. पाहुणे म्हणजे निवृत्त सचिव. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवणं शक्य नव्हतं.

मी या कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास दिले तेवढाच मी प्राध्यापक. उरलेल्या वेळात मी कोण, ते संस्था ठरवते. तास दर सत्राला नव्याने मिळतात आणि ते द्यायचे की नाही हे अध्यक्ष ठरवतात. त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात. कॉलेजचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. शेलूबाजारहून जीपने येता येतं, एवढं पुरे.

खुर्चीबद्दल सांगायला हवं. सागवानी, जाड पायांची, हातांच्या टोकाला सिंहाची मुंडकी. इंग्रजांच्या काळात ती डाकबंगल्यात होती. गोरा साहेब दौऱ्यावर आला की तिच्यावर बसायचा. साहेब गेले, बंगल्याचं सामान लिलावात निघालं, तेव्हा दादासाहेबांच्या आजोबांनी ती घेतली. आजोबा रावबहादूर होते. तशी पितळी पाटी घराच्या दारावर अजून आहे, दर दिवाळीला चिंच लावून घासतात. घटनेच्या अठराव्या कलमाने पदव्या संपवल्या. पाट्या संपवायची तरतूद त्यात नाही.

तर ही खुर्ची वर्षातून तीनचार वेळा बाहेर निघते. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, आणि आता संविधान दिन. ती गाडीत घालायची नाही असा रिवाज आहे. पॉलिश खरचटतं म्हणतात. एका माणसाने ती उलटी करून डोक्यावर घ्यायची, घरापासून मैदानापर्यंत बाजारातून न्यायची, आणि कार्यक्रम संपला की तशीच परत आणायची. माणूस आमच्या वस्तीतला. हेही कुठे लिहिलेलं नाही, पण दुसऱ्या वस्तीतल्या माणसाने ती उचललेली मी पाहिली नाही. आजवर कॉलेजचा जुना शिपाई उचलायचा. तो निवृत्त झाला. त्याच्या जागी दादासाहेबांचा भाचा लागला. भाच्याची कंबर दुखत होती.

मी प्राचार्यांकडे पाहिलं. ते पितळी पाटी वाचत होते. दहा वर्षं रोज वाचलेली पाटी.

मी खुर्ची उचलली.

ओझं उचलण्यात मला कमीपणा नाही. मी सोयाबीनची पोती वाहून शिकलो आहे, रिसोडच्या बाजारात एका सुट्टीत हमालीही केली आहे. तिथे कुणी “तुमच्या लोकायले” म्हटलं नव्हतं. तिथे नुसतं “उचल बे” म्हणायचे. त्यात शिवी होती, पण ती मला एकट्याला होती.

खुर्ची उलटी डोक्यावर घेतली की बैठक टाळूवर येते, पाय आभाळाकडे, आणि सिंह दोन्ही कानांशी. मान हलवता येत नाही. समोर जेवढं दिसतं तेवढंच जग. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, खिशात पेन, काखेत दादासाहेबांच्या भाषणाची फाइल. हो, ते भाषणही मीच लिहिलं होतं. संस्थेतली सगळी भाषणं मीच लिहितो. विषय होता ‘वसाहतीचा अनुभव आणि आपले संविधान’.

जीपच्या अड्ड्यावर एका ओळखीच्या ड्रायव्हरने विचारलं, “सर, घर बदलून राह्यले काय?”

मी हो म्हणालो. खरं उत्तर लांब होतं आणि मान आखडली होती.

भाषण मी मन लावून लिहिलं होतं. नेहमी तसं लिहीत नाही. नेहमीच्या भाषणात महापुरुष, दिवा, वाट आणि तरुण पिढी एवढं घातलं की काम भागतं. पण हा विषय माझा होता. मी लिहिलं होतं की राज्यघटना ही कोऱ्या कागदावर लिहिलेली नाही. गुलामीत राहिलेल्या माणसांनी ती लिहिली, आणि ज्याला जिथे लागलं होतं तिथे त्याने कलम लिहिलं. तुरुंगात गेलेल्यांना तुरुंग आठवला, म्हणून अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करा असं बाविसावं कलम सांगतं. गंमत म्हणजे चौकशीविना डांबून ठेवायची सोयही त्याच कलमात आहे. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला किल्ली सापडली की तो ती फेकून देत नाही, खिशात ठेवतो. कारभाराचा सांगाडाही इंग्रजांनी एकोणीसशे पस्तीस साली केलेल्या कायद्यातून बराचसा उचलला. पूर्वी ज्याच्याकडे जमीन किंवा शिक्षण होतं किंवा जो कर भरायचा त्यालाच मत होतं. घटनेने ते सगळ्यांना दिलं, एका फटक्यात. घेतलंही आणि झिडकारलंही. हे मी भाषणात सौम्य करून लिहिलं होतं.

मग तेविसावं कलम. माणसांचा व्यापार आणि वेठबिगार बंद. या कलमापाशी मी आमच्या आबांना आणलं. आबा म्हणजे माझे आजोबा. नाव न घेता आणलं.

इंझोरीच्या अलीकडे आमचं मूळ गाव. आबा विशीत होते तेव्हा हिवाळ्यात साहेबाचा दौरा निघायचा. तंबू, घोडे, खानसामा, कागदांच्या पेट्या, आणि साहेबाच्या अंघोळीचा पत्र्याचा टब. मुक्काम हलला की हे सगळं पुढच्या गावी न्यायला माणसं लागत. साहेब माणसं मागायचा, हेच रावबहादूर पुरवायचे. कुठल्या वस्तीतून पुरवायची हे साहेबाने कधी सांगितलं नाही. ते त्याला सांगावं लागलं नाही. ते इथे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे साहेब घोड्यावर, रावबहादूर शेजारच्या घोड्यावर आणि आबा पायी, डोक्यावर टब. या तिघांचा इंग्रजी राजवटीचा अनुभव एकच होता असं पाठ्यपुस्तकात आहे. मी तेच शिकवतो. परीक्षेला येतं.

आबा टबाबद्दल फार बोलत नसत. जड नव्हता म्हणत. पण आवाज करायचा. चालताना त्याचं कडं पत्र्यावर आपटायचं, टण् टण्, आणि वाटेतल्या गावची पोरं बँड आला समजून हसत मागे यायची. पुढच्या मुक्कामी तो टब विहिरीजवळ नेऊन भरायचे. आबा दिवसभर चालून तहानलेले. ओंजळ धरून लांब उभे राहायचे, कुणाला आठवण झाली तर वरून पाणी पडायचं. म्हातारपणी एकदाच म्हणाले होते, “टब इहिरीजवळ जाये. मले दूर उभं राहा लागे.”

हे मी भाषणात एका वाक्यात घातलं. साहेबाचा मुक्काम हलला की त्याच्या अंघोळीचा टब एका माणसाच्या डोक्यावरून पुढच्या गावी जाई; तो माणूस मात्र त्या गावच्या विहिरीपर्यंत जाऊ शकत नसे. वाक्याच्या मधे अर्धविराम. पुढे लिहिलं की तेविसावं आणि अस्पृश्यता संपवणारं सतरावं कलम त्या माणसाच्या मानेतून आलेलं आहे.

मैदानावर पोचलो तेव्हा विद्यार्थी रांगेत बसत होते. खुर्चीखालून मला फक्त त्यांचे पाय दिसले. पाय थांबले. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, सर हायेत. मी खुर्ची स्टेजवर ठेवली, रुमालाने पुसली, आणि पुसताना लक्षात आलं की पुसायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाहुणे आले. औक्षण झालं. फोटोला हार घातला. फोटो कुणाचा ते सांगायला नको, घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांचा. त्यांचं नाव मी या लिखाणात घेणार नाही. त्या दिवशी माइकवरून ते इतक्यांदा घेतलं गेलं की मला काही दिवस ते तोंडात घ्यावंसं वाटलं नाही. पाहुणे खुर्चीवर बसले, सिंहांवर हात टेकवले आणि दादासाहेबांना म्हणाले, काय काम केलंय जुन्या लोकांनी. दादासाहेब म्हणाले, ओरिजिनल आहे.

तृतीय वर्षाच्या एका मुलीने उद्देशिका म्हटली, सगळ्यांनी तिच्यामागे म्हटली. दर्जाची आणि संधीची समानता. मी स्टेजच्या मागे, जनरेटरशेजारी उभा होतो. आभार मानायचे असल्याने मला मागेच थांबायला सांगितलं होतं.

मग दादासाहेब बोलायला उठले. वाचतात चांगलं. आवाज आहे. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकायची मला सवय आहे, एखादं वाक्य चांगलं वठलं तर लपून आनंदही होतो. मतदानाच्या वाक्याला टाळ्या पडल्या. मग टब आला. ते वाचू लागले, साहेबाचा मुक्काम हलला की त्याच्या अंघोळीचा टब एका माणसाच्या डोक्यावरून पुढच्या गावी जाई. आणि अर्धविरामाशी थांबले. चष्मा वर केला. भाषण बाजूला ठेवून सभेकडे पाहत म्हणाले,

“थो टब आजूनबी आमच्या कोठ्यात हाये. आता त्यात म्हैस पाणी पेते.”

मैदान हसलं. पाहुणे हसले. प्राचार्य पाहुण्यांकडे पाहून हसले. मुलं हसली, माझ्या वर्गातली मुलं. वाईट मनाने हसली नाहीत. टबात पाणी पिणारी म्हैस हसण्यासारखीच आहे. दादासाहेबांना हशा मिळाला की ते पुढे जातात. पान उलटून त्यांनी तरुण पिढीचं वाचायला घेतलं. अर्धविरामापुढचं राहून गेलं. विहीर राहिली. मान राहिली.

जनरेटरच्या आवाजात मला टण् टण् ऐकू आलं, असं मी म्हणणार नाही. तसं काही झालं नाही. एवढंच झालं की मी स्वतःशी हिशेब मांडला. आबांनी टब वाहिला, कारण नाही म्हणायला त्यांच्याजवळ कायदा नव्हता. माझ्याजवळ होता. मी तो पाठ म्हणून दाखवू शकत होतो, इंग्रजीतून आणि मराठीतून. आणि तरी सकाळी मी खुर्ची उचलली. वर आबांनाच दादासाहेबांच्या हातात दिलं, टाइप करून, समास सोडून.

पाहुणे पाऊणएक तास बोलले. इंग्रजांनी आपल्याला शिस्त दिली, ती घटनेत उतरली आणि आजच्या पिढीत ती उरली नाही. उरलेला वेळ त्यांच्या प्रशिक्षणातल्या घोडेस्वारीवर गेला. मी आभार मानले. ज्यांचे मानायचे होते त्या सगळ्यांचे मानले.

मांडवातून उतरताना उद्देशिका म्हणणारी ती मुलगी थांबली. भाषण मी लिहितो हे मुलांना माहीत आहे. तिने विचारलं, “सर, टबवाला माणूस कोन होता?”

“माझे आबा.”

तिने माफी वगैरे मागितली नाही. म्हणाली, “मी हसली सर.” आणि गेली नाही, तिथेच बाजूला उभी राहिली.

तिकडे पाहुण्यांची गाडी लागली होती. दादासाहेब आणि प्राचार्य त्यांना निरोप देत होते. मांडववाल्याची माणसं प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होती. स्टेजवर ती सागवानी खुर्ची एकटीच उरली होती. दादासाहेबांनी माझ्याकडे न पाहता बोट केलं.

“सर, खुर्ची.”

“ती मी नेणार नाही.”

त्यांनी ऐकलं नाही असं नाही. पण त्यांना ते कळायला वेळ लागला. माझ्याकडून त्यांनी ‘नाही’ हा शब्द याआधी ऐकला नव्हता. प्राचार्य पुढे आले. ते भले गृहस्थ आहेत, सगळं सुरळीत चालावं एवढीच त्यांची इच्छा असते. हळू आवाजात म्हणाले की अहो, संस्थेचं काम, सार्वजनिक काम, श्रमदान समजा. आणि पाहुण्यांकडे वळून हसत विचारलं की श्रमदान काही घटनाविरोधी नाही ना, सर?

पाहुण्यांना आवडीचा विषय मिळाला. “तेवीसचं दुसरं उपकलम,” ते म्हणाले. “सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा घेऊ शकतं.”

बरोबर होतं. पुस्तकातलं पुढचं वाक्य त्यांना येत असणारच, गरज वाटली नसेल.

“धर्म, वंश, जात, वर्ग पाहून घेता येत नाही,” मी म्हणालो. मग प्रमाण भाषेचा कंटाळा आला. “चार पाय हायेत खुर्चीले. आपन चवघं हाओत. सार्वजनिक काम हाये तं चवघंबी उचलू. दादासाहेब, एक पाय तुमी धरा.”

कुणी आवाज चढवला नाही. सभ्य माणसं होती सगळी. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि गाडीत बसले. काच वर गेली. प्राचार्यांच्या हातात पाहुण्यांची शाल राहून गेली होती, ती घेऊन ते गाडीमागे चार पावलं धावले.

दादासाहेब म्हणाले, “मजाक करून राह्यले काय, सर?”

“नाही.”

“तुमाले तास पायजेत का नाही?”

“पायजेत. शिकवायचे पायजेत.”

मी वाट पाहत होतो की आता ते चिडतील. चिडले नाहीत. हसलेही नाहीत. एवढ्या वर्षांत मी त्यांचा न हसलेला चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. साधा, थकलेला, कुणाही म्हाताऱ्यासारखा चेहरा होता. मग ते गाडीत बसून गेले. भाचा मागच्या सीटवर होता, कंबर धरून.

खुर्ची रात्रभर मैदानात राहिली. मांडववाल्याने स्टेज काढलं तेव्हा ती उतरवून गवतावर ठेवली, पुढे घरी पोचवणं त्याचं काम नव्हतं. सकाळी दव पडून पॉलिशवर पांढरे डाग उमटले होते आणि बैठकीवर एक कुत्रं अंगाचं मुटकुळं करून झोपलं होतं. दुपारी तिला न्यायला ट्रॅक्टरची ट्रॉली आली. म्हणजे गाडीत घालता येत होती.

दुसऱ्या सत्राच्या वेळापत्रकात माझं नाव नाही. कारण विचारलं तर कार्यभार कमी झाला म्हणाले. विद्यार्थी तेवढेच आहेत, विषय तेवढाच आहे, कार्यभार मात्र कमी झाला. घरी बायकोने विचारलं, एका खुर्चीसाठी? तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी तिला टबाची गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी सांगितली नव्हती. तिने पोळ्या लाटणं थांबवलं नाही. शेवटची पोळी तव्यावर टाकून म्हणाली, “मंग सकाळी कायले उचलली?”

भीती होती हे उत्तर आहे, पण ते पुरत नाही. मला वाटतं मला ती उचलायची सवय होती. उचलली नव्हती तेव्हाही होती. माझी भाषणं, त्यांचा आवाज. माझा अभ्यास, त्यांचं नाव. ते ओझं मी दहा वर्षं वाहत होतो आणि त्याला नोकरी म्हणत होतो. डोक्यावर लाकूड आलं तेव्हा फक्त ते दिसायला लागलं. दादासाहेब त्या अर्थाने खरं बोलले होते. सवय होती.

गेल्या आठवड्यात प्राचार्यांचा फोन आला. दादासाहेबांचं मन मोठं आहे म्हणाले. झालं गेलं विसरू. सव्वीस जानेवारीचं भाषण तेवढं लिहून द्या, तासांचं मी बघतो. खुर्ची उचलायला वस्तीतला एक जण पाहिला आहे, नवा सफाई कामगार, गरजू आहे बिचारा, तुम्हाला त्रास नाही.

मी सांगितलं, भाषण लिहिलेलं आहे, पण ते मी वाचणार.

“अहो, तुम्ही कसे? खुर्चीवर कोण असणार मग?”

“कोणी नाही. मी उभ्याने बोलतो.”

त्यांनी फोन ठेवला. मला मैदानात पाय ठेवू देणार नाहीत हे मला माहीत आहे. मैदान संस्थेचं आहे. पण त्यांच्या घरापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता सरकारी आहे, म्हणजे माझाही आहे. सव्वीस जानेवारीला सकाळी मी जीपच्या अड्ड्यापाशी उभा राहणार आहे. त्या नव्या माणसाला मी ओळखतो. त्याच्याकडे जाऊन आधीच बोललो आहे. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही, मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला दोन लेकरं आहेत. त्याने खुर्ची उचलली तर मी त्याला दोष देणार नाही. मी स्वतः उचलली आहे.

पण तो बाजारात आला की मी त्याच्यासमोर उभा राहीन आणि दोन्ही हातांनी ती खुर्ची उतरवीन. रस्त्याच्या मधोमध, चारी पायांवर ठेवीन. मग अर्धविरामापुढचं वाक्य तिथेच वाचीन, मोठ्याने, आबांचं नाव घेऊन. ज्यांना ती हवी असेल त्यांनी घरून यावं. प्रत्येकाने एक पाय धरावा. नाही तर ती तिथेच राहील, आणि मीही.